रायरांचा नैवेद्य

दिनांक १७ ऑगस्ट १९५९, सोमवार. संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. नरसिंहरावांच्या टेबलावर तपासायचे नकाशे शिल्लक होते त्रेचाळीस.

हा आकडा त्यांनी स्वतः दोनदा मोजला होता, कारण दुपारच्या सुट्टीत तो एक्केचाळीस होता आणि मधल्या पाच-सहा तासांत त्यांचा हात एक मिनिटही थांबला नव्हता. म्हैसूर रस्त्यावरच्या त्या पंपांच्या कारखान्यात भोंगा पावणेपाचला होई. ड्रॉइंग ऑफिसातले सातही ड्राफ्ट्समन सहाच्या आत पांगले होते. तिरप्या उंच मेजांवर कापडी आच्छादने पडली होती, शाईच्या बाटल्यांना बुचे लागली होती. दिवा एकच जळत होता आणि त्याखाली बसलेल्या मुख्य ड्राफ्ट्समन नरसिंहरावांची अशी ठाम समजूत होती की हा दिवा मालवला तर कारखाना बंद पडेल.

समजुतीला आधार नव्हता असे नाही. देशात मेट्रिक मापे आली होती. इंच आणि सुतांत, म्हणजे इंचाच्या अष्टमांशांत, काढलेले कारखान्याचे अकराशे साठ जुने नकाशे आता मिलिमीटरमध्ये नव्याने काढायचे होते. प्रत्येक नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असे: कोणी काढला, कोणी शाई केली, कोणी तपासला. त्या तिसऱ्या ओळीत गेली नऊ वर्षे एकाच माणसाची सही होत आली होती. बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घराण्यांतले नरसिंहराव घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड बोलत. कारखान्यात त्यांना सगळे आदराने ‘रायरू’ म्हणत. कोणी नकाशा घेऊन आला की रायरू मान वर न करता एकच उत्तर देत, “नोडोण, इल्ली इडी.” बघू, इथे ठेवा. मग तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी जाई.

साडेसातला त्यांनी बारा नकाशांची गुंडाळी पत्र्याच्या नळीत घातली, नळी सायकलच्या कॅरियरला बांधली आणि ते घराकडे निघाले.

घरी वसुमतीबाईंनी पान वाढून ठेवले होते. पानाशेजारी एक पोस्टाचे पाकीट होते.

“हयवदनाचं पत्र आहे,” त्या म्हणाल्या. “आधी जेवा. नंतर वाचलंत तरी मजकूर बदलत नाही.”

हयवदन हा वसुमतीबाईंचा धाकटा भाऊ, धारवाडला गणिताचा मास्तर. पत्र सरळ होते. क्षमाला पहिल्या चाचणीत भूमितीत पन्नासांपैकी अकरा गुण पडल्याचे अक्काने कळवले. मॅट्रिकची परीक्षा मार्चात आहे. दसऱ्याच्या सुट्टीनंतर क्षमाला इकडे पाठवावे. इथल्या शाळेत तिच्या प्रवेशाचे मी बघतो. मी रोज सव्वापाचला घरी असतो.

शेवटचे वाक्य नरसिंहरावांनी दोनदा वाचले.

“मी कळवलं,” वसुमतीबाई म्हणाल्या. “जूनमध्ये तुम्ही काय म्हणाला होतात? रोज एक तास तिला घेऊन बसेन. अकरा आठवडे झाले. किती वेळा बसलात?”

“कामाचा भार किती आहे, तुला...”

“दोन वेळा. तिने मोजलंय. मोजायची सवय तिने तुमच्याकडूनच घेतलीय.”

क्षमा आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती. त्यांची मुलगी, पंधरा वर्षांची, वेणी पुढे घेऊन तिचे टोक दातांत धरलेली.

“तुला जायचंय धारवाडला?” त्यांनी विचारले.

“नाही, अण्णा. पण मला नापासही व्हायचं नाही.”

“इथेच कोणाची शिकवणी लावू.”

“लावा की,” वसुमतीबाई म्हणाल्या. “दिवसभर कंपास आणि पट्टी हातात असलेला माणूस घरात. त्याच्या मुलीला भूमिती शिकवायला जयनगरहून मास्तर आणू. गल्लीला बोलायला विषय नाहीच सध्या.”

नरसिंहराव खाली मान घालून ताक-भात जेवू लागले. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक स्टॉपवॉच होते. लेथवर एक दांडा कातायला किती मिनिटे लागतात, कामगार कुठे उगाच थांबतो, हे टिपून काढण्याची विद्या ते तीन वर्षांपूर्वी एका अभ्यासवर्गात शिकून आले होते आणि कारखान्यातली निम्मी माणसे त्या घड्याळाला बिचकत. वसुमतीबाईंची नजर खिशाकडे गेली.

“ते लेथवाल्यांवर धरता ना? एकदा स्वतःच्या गळ्यात बांधून बघा. कळेल कुठे जातो दिवस. दसऱ्यापर्यंत तुमची एखादी संध्याकाळ सापडली तर सांगा. नाहीतर मी तिची ट्रंक भरते.”

टोमणा होता. पण तंत्रशाळेत शिकलेल्या माणसाला टोमण्यातली सूचना वाया घालवता येत नाही. पुढच्या सोमवारी, चोवीस ऑगस्टला, नरसिंहरावांनी निरीक्षणाच्या फळीवर कोरा तक्ता अडकवला, वर कामगाराच्या नावाच्या जागी स्वतःचे नाव लिहिले आणि घड्याळ चालू केले.

सहा दिवस त्यांनी स्वतःला सोडले नाही. उठले की नोंद, बसले की नोंद. शनिवारी संध्याकाळी बेरीज केली तेव्हा घरी आणलेले काम धरून आठवडा एकाहत्तर तास तीस मिनिटांचा निघाला. नवे पंप, नवी मापे, ओतशाळेशी बोलणी, म्हणजे त्यांच्यावाचून जे अडले असते, ते सगळे मिळून पंधरा तास चाळीस मिनिटे. “सरीना, सार?”, बरोबर आहे ना, म्हणून येणाऱ्यांना उत्तरे देण्यात नऊ तास. स्वतःच्याच टेबलावर ठेवलेला कागद शोधण्यात आठ तास चाळीस मिनिटे. हा आकडा त्यांनी पुन्हा मोजला, आणि तो पुन्हा तेवढाच आला. उरलेले अडतीस तास दहा मिनिटे नकाशे तपासण्यात गेले होते. सत्तावन्न नकाशे, दर नकाशाला सरासरी चाळीस मिनिटे.

एवढ्यावर ते थांबले असते. पण सापडलेल्या चुकाही त्यांनी टिपल्या होत्या आणि त्या स्तंभावर त्यांची नजर अडकली. पहिल्या नकाशात एक चूक. दुसऱ्यात एक. तिसऱ्यात एक. असे खाली उतरत गेले तर सत्तावन्नांपैकी चोपन्न नकाशांत नेमकी एकेक चूक आणि तीन नकाशांत दोन-दोन. एकही नकाशा निर्दोष नाही, आणि एकातही तीन चुका नाहीत. चुका अशा शिस्तीत पडत नाहीत. कुठे एकही नसते, कुठे चार एकदम येतात. त्यातून प्रत्येक नकाशातली एक चूक वरच्या उजव्या भागात होती. कुठे बाणाचे टोक राहिलेले, कुठे त्रिज्येची खूण गळलेली, कुठे मध्यरेषा तुटकीऐवजी सलग. मापाची चूक फक्त त्या तीन जादा चुकांत होती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ते नागोजींसमोर जाऊन बसले. नागोजी हे सर्वांत जुने ड्राफ्ट्समन, आनेकलचे. त्यांच्या घराण्यात मराठी टिकली होती, मात्र कन्नडचे बोट धरून. डब्यातला शेवटचा घास ते निवांतपणे खात होते.

“नागोजी, एक विचारू?”

“विचारा की, रायर.”

“गेल्या आठवड्यात सत्तावन्न नकाशे तपासले. प्रत्येकात एक चूक वरच्या उजव्या कोपऱ्यात. प्रत्येकात. हे कसं होतं?”

नागोजींनी डब्याचे झाकण लावले, हात पुसले आणि दाराकडे एकवार पाहिले.

“कळलं म्हणायचं तुम्हाला. स्वल्प जवळ बसा. तो नैवेद्य आहे.”

“काय आहे?”

“नैवेद्य. ऑफिसात सगळे असंच म्हणतात. नकाशा पुरा झाला की एकमेकांना विचारतात, रायरांचा नैवेद्य ठेवला का. ठेवला की मग कागद तुमच्याकडे.”

 नागोजी पुढे बोलले, आवाज न चढवता.

“तुम्ही काहीतरी खोडल्याशिवाय सही करत नाही, रायर. त्रेपन्न साली बेअरिंगच्या घराचा नकाशा मी काढला होता, आठवतो? त्यात काही चुकलेलं नव्हतं. तुम्ही तीन दिवस तो धरून बसलात. काही सापडेना. शेवटी, इथे एक सूत जास्त बरं, म्हणून माप बदललंत. अठ्ठावीस नग भंगारात गेले.”

“ते ओतशाळेमुळे...”

“ओतशाळेच्या नावावर गेले. सरी. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, कारण तुम्ही मनाने वाईट नाही. पण त्या दिवशी आम्ही ठरवलं. एक लहानशी चूक वर दिसेल अशी ठेवायची. रायरांना ती सापडते, जीव थंड होतो, मापाला हात लागत नाही.”

“सहा वर्षं?”

“सहा वर्षं.”

“आणि ती शोधायला मी चाळीस मिनिटं घालवतो.”

“चाळीस?” नागोजींना खरोखरच वाईट वाटले. “आम्ही तर बसल्या बसल्या दिसेल अशीच ठेवतो हो.”

नरसिंहराव उठले. ओतशाळेच्या मागच्या भिंतीपर्यंत गेले, परतले, पुन्हा गेले.  सात माणसांनी सहा वर्षे आपल्याला फसवले, असा पहिला हिशेब मनात आला. तिसऱ्या फेरीला त्याचे उत्तर निराळे आले. ज्या संध्याकाळी घर सोडून ते दिव्याखाली बसत होते, त्या संध्याकाळी ते कारखाना चालवत नव्हते. ते आपल्यासाठी वाढून ठेवलेले वेचून खात होते. मुलगी धारवाडला जाणार होती ती बाणाच्या टोकांपायी.

भोंग्याच्या आधी ते परत आले.

“उद्यापासून नैवेद्य बंद,” त्यांनी सांगितले.

नागोजींनी त्यांच्याकडे बारकाईने पाहिले. “आणि तुमचं काय, रायर?”

“माझा उपास.”

उपास सोपा नव्हता. पहिल्या आठवड्यात वीस नकाशे निराळ्या रीतीने तपासायचे ठरले. ज्याने काढला त्याने तपासायचा नाही. नागोजींचा कृष्णमूर्तीने पाहायचा, कृष्णमूर्तीचा नागोजींनी. कृष्णमूर्ती हा तिशीचा, हात जलद आणि सात व पाच यांत गोंधळणारा ड्राफ्ट्समन. त्या तीन खऱ्या चुका त्याच्याच होत्या. वीस नकाशे असे पार पडल्यावर नरसिंहरावांनी डोळे मिटून त्यांतले पाच काढले आणि तपासायला घेतले. चारांत काही निघाले नाही. पाचव्यापाशी त्यांनी पंचवीस मिनिटे काढली. सगळी मापे जुळत होती, सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या. तरी तांबडी पेन्सिल बोटांत फिरत राहिली. एका छिद्राचे अंतर दोन मिलिमीटरने वाढवले तर काय बिघडेल, असे मनात आलेही.

समोरच्या मेजावरून नागोजी पाहत होते. “रायर, भूक लागलीय?”

नरसिंहरावांनी पेन्सिल उचलून त्यांच्या मेजावर नेऊन ठेवली. “ही तुमच्याकडे राहू द्या.”

बारा सप्टेंबरला, शनिवारी, ते कारखान्याचे मॅनेजर प्राणेशराव यांच्यापुढे तक्ता घेऊन उभे राहिले. जुन्या नकाशांवर ‘तपासला’ या ओळीत आता नागोजी आणि कृष्णमूर्ती सही करतील. नवे नकाशे आणि दहांतला एक जुना एवढेच मी पाहीन. आणि पावणेपाचला भोंगा झाला की मी घरी जाईन.

प्राणेशरावांनी तक्ता उलटा धरून पाहिला, मग सुलटा. “रायरू, हे तुम्ही स्वतःवर धरलंत? घड्याळ?”

“होय.”

“चूक झाली तर जबाबदारी कोणाची?”

“माझीच. फक्त डोळे एकट्याचे नसतील.”

“सतरा ऑक्टोबरपर्यंत करून बघा. एक जरी माप चुकून ओतशाळेत गेलं, तर पूर्वीसारखं. तुमची सही, तुमचा दिवा.”

सतरा ऑक्टोबर म्हणजे शाळेच्या सुट्टीचा शेवटचा शनिवार. क्षमा जायची झाली तर त्याच दिवशी जाणार होती. दोन्ही गोष्टींची मुदत एकच आहे हे नरसिंहरावांनी मॅनेजरांना सांगितले नाही.

चौदा सप्टेंबरला भोंगा संपण्याआधी त्यांनी टोपी घातली. सातही माणसे मान वर करून पाहू लागली. कोणीतरी हळूच विचारले, “सार, कुणाला बरं नाही का घरी?” सव्वापाचला ते बसवनगुडीत गल्लीच्या तोंडाशी पोचले, तेव्हा शेजारच्या सगुणाबाईंनी कठड्यावरून वाकून वसुमतीबाईंना हाक मारली, “अगं, तुझे यजमान आलेत. ताप आहे का बघ.”

वसुमतीबाई दारात आल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिले, मग कॅरियरकडे. पत्र्याची नळी नव्हती.

“विसरलात की काय?”

“नाही. आणली नाही.”

“कॉफी तयार नाही,” त्या म्हणाल्या आणि आत वळल्या. पण त्यांच्या चालीत काहीतरी हलके झाले होते, ते नरसिंहरावांना दिसले.

पहिला आठवडा शिकवणी चांगली चालली. वर्तुळ, जीवा, स्पर्शिका. मुलगी मंद मुळीच नव्हती, घाबरलेली होती. दुसऱ्या आठवड्यात नरसिंहरावांच्या ध्यानात एक गोष्ट आली. क्षमाच्या प्रत्येक सिद्धतेत एकच चूक असे, आणि ती आकृतीच्या एखाद्या अक्षराची. क ऐवजी ख, किंवा एखादा बिंदू नाव न दिलेला. त्यांनी ती तांबड्या शाईने दुरुस्त केली की मुलगी समाधानाने पुढच्या पानावर जाई.

त्यांनी वही मिटली.

“क्षमा, हे मुद्दाम आहे?”

ती वेणी चावू लागली.

“सांग. रागावणार नाही.”

“तुम्ही काही खोडल्याशिवाय पुढे जातच नाही, अण्णा. सगळं बरोबर असलं की म्हणता, अजून नीट काढता आलं असतं. मग एकच प्रमेय चार-चारदा. म्हणून मी थोडंसं चुकवते. वेळ वाचतो.”

स्वयंपाकघरातून वसुमतीबाईंच्या हसण्याचा आवाज आला. तो दाबण्याचा प्रयत्न होता पण फारसा नव्हता. मग नरसिंहरावही हसू लागले, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. क्षमाने वडिलांना असे हसताना पाहिल्याला बरीच वर्षे झाली होती. ती आधी बावरली.

“तुला आणि नागोजींना एका बाकावर बसवायला हवं,” ते म्हणाले. “यापुढे बरोबर असेल ते बरोबर. मी फक्त खूण करीन आणि गप्प बसेन. बसलो नाही तर तू सांगायचं.”

“काय सांगू?”

“उपास आहे म्हण.”

त्यानंतर तिने त्यांना तीन वेळा तसे सांगितले. चौथ्यांदा गरज पडली नाही.

खरी कसोटी गुरुवारी, आठ ऑक्टोबरला आली. पाणीपुरवठ्याच्या मोठ्या पंपाचे छत्तीस जुने नकाशे नव्या मापांत उतरवून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला साचे करणाऱ्या सुतारांकडे द्यायचे होते. चार वाजून वीस मिनिटांनी प्राणेशराव स्वतः ड्रॉइंग ऑफिसात आले.

“रायरू, आज थांबा. हे छत्तीसच्या छत्तीस तुम्ही डोळ्यांखालून घाला. हे काम साधं नाही.”

“बत्तीस झालेत, सर. दोन-दोन माणसांनी पाहिलेत. त्यांतले तीन मी पाहिले. चार उरलेत, ते नागोजी करतील. त्यांची आनेकलची बस पावणेसहाला असते, तोवर ते रोज इथेच असतात.”

“मी तुम्हाला थांबा म्हणतोय.”

ऑफिसात पेन घासल्याचा आवाजही थांबला. नरसिंहरावांच्या पायांना खुर्चीची ओढ लागली. नऊ वर्षांची सवय होती, आणि थांबा म्हणणारा माणूस वरिष्ठ होता. त्यांना तांबडी पेन्सिल हवीशी वाटली. नजर मेजाकडे गेली, तर नागोजी मान खाली घालून काम करत होते, जणू बोलणे त्यांच्याबद्दल चाललेच नव्हते.

“सतरापर्यंतची मुदत आपण दिली आहे,” ते म्हणाले. “मी आज थांबलो तर माझी व्यवस्था मीच खोटी ठरवली असं होईल. आणि खरं सांगायचं तर, दिवसभर काम केलेल्या माझ्या डोळ्यांपेक्षा नागोजींचे डोळे या घटकेला जास्त भरवशाचे आहेत. मी निघतो, सर.”

“उद्या सकाळी बोलू,” एवढेच म्हणून प्राणेशराव गेले.

घरी त्या संध्याकाळी ट्रंक माळ्यावरून खाली आली होती. वसुमतीबाईंनी ती पुसून ओसरीवर ठेवली होती, अजून रिकामी. हयवदन दसऱ्याला येणार होता. नरसिंहराव क्षमासमोर बसले, पण चक्रीय चौकोनाचे समोरासमोरचे कोन त्यांना एकत्र धरवेनात. दोनदा त्यांनी घड्याळ काढले. साडेपाच. अजून नागोजी तिथे असतील. सायकलने अर्धा तास.

“अण्णा, जायचंय का परत?” क्षमाने विचारले. “जायचं असेल तर जा. मी हे करते.”

तिने ते समजुतीने म्हटले, तक्रार म्हणून नव्हे, आणि तेच त्यांना झोंबले. पंधराव्या वर्षी मुलगी बापाला जायची परवानगी देत होती, म्हणजे तिने धारवाडला जायचे मन करून टाकले होते. त्यांनी घड्याळ खिशात टाकले आणि सदरा उतरवून खुंटीला लावला, घड्याळासकट.

“नाही जायचं. कोन पुन्हा सांग. मी ऐकतो.”

दुसऱ्या दिवशी ते पावणेआठला पोचले, तेव्हा नागोजी आधीच येऊन बसले होते आणि त्यांच्यासमोर एक नकाशा पसरलेला होता. शेजारी प्राणेशराव उभे होते.

“काल पाच-दहाला सापडलं, रायर, उरलेल्या चारांत,” नागोजी म्हणाले. “दांड्याच्या छिद्राचं माप. जुन्या नकाशात एक इंच सात सूत. मिलिमीटरमध्ये सत्तेचाळीस पूर्णांक सहाशे पंचवीस सहस्रांश यायला हवं. इथे एक्केचाळीसच्या पुढे लिहिलंय. कोणीतरी पाच सूत वाचलं. दांडा आतच गेला नसता. मी ते दुरुस्त करून ठेवलं, सुतारांना नवीनच दिलाय.”

“हा तर नव्या मापांत आधीच काढून झालेला,” प्राणेशराव म्हणाले. “जूनमध्ये मंजूर झालेला. तपासला कोणी होता?”

नागोजींनी नकाशा नरसिंहरावांकडे सरकवला. नरसिंहरावांनी वाकून चौकटीतली तिसरी ओळ पाहिली. तारीख बारा जून. सही ओळखीची होती, वळणदार आणि जरा घाईची.

“मी,” ते म्हणाले. “बारा जूनला मी सव्वासातपर्यंत बसलो होतो. त्या दिवसाचा हा दहावा नकाशा असेल. वरच्या कोपऱ्यातलं बाणाचं टोक मला सापडलेलं दिसतंय. तिथे तांबडी खूण आहे. माप मात्र तसंच गेलं.”

“म्हणजे काल तुम्ही थांबला असतात...”

“तर स्वतःची सही पाहून हा बाजूला ठेवला असता. नागोजींनी तो पाहिला, कारण त्यांना माझ्या सहीची भीड नव्हती.”

“भीड होती,” नागोजी म्हणाले. “पण आता पेन्सिल माझ्याकडे आहे.”

प्राणेशराव हसले नाहीत, तरी त्यांच्या मिशा हलल्या. त्यांनी नकाशा गुंडाळला आणि दाराशी जाऊन थांबले. “सतरा तारखेचं विसरा, रायरू. हेच चालू ठेवा. आणि पावणेपाचनंतर या खोलीत मला दिवा दिसला तर मी विचारायला येईन, का म्हणून.”

त्या दिवशी नरसिंहरावांनी सायकल अशी हाणली की गांधी बाजाराच्या वळणावर एका फुलवालीने त्यांना मागून दोन शब्द ऐकवले. ते त्यांनी ऐकले आणि हसून घेतले.

हयवदन दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी आला, येताना धारवाडचा पेढा घेऊन. संध्याकाळी सव्वापाचला मेहुणे सायकल ओसरीला टेकवताना दिसले, तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठला.

“भावजी, तुम्ही? या वेळी?”

“मी रोजच असतो या वेळी,” नरसिंहराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी ऑगस्टपासून म्हणण्यासाठी राखून ठेवले होते आणि ते म्हणताना त्यांना फार बरे वाटले.

हयवदन मास्तर होता. त्याला ऐकीव गोष्टी चालत नसत. त्याने क्षमाला समोर बसवले आणि वर्तुळावरचे एक उदाहरण घातले, पुस्तकातले नव्हे, स्वतःच्या डोक्यातले. क्षमाने आकृती काढली, खोडली, पुन्हा काढली. दहा मिनिटे गेली. नरसिंहराव शेजारी बसून आपल्या तळहातांकडे पाहत राहिले. तिने एक जीवा वाढवली, दोन कोन सारखे दाखवले आणि खाली ओळ मारली.

हयवदनाने कागद जवळ घेतला, दूर धरला. “मी हे तीन ओळी लांबवून केलं असतं.” मग तो बहिणीकडे वळला. “अक्का, हिला नेऊन मी काय करू? ती माझीच शिकवणी घेईल.”

“मग ट्रंक?”

“ट्रंक दे मला. माझी फुटलीय.”

वसुमतीबाईंनी त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि डोळे पुसायला आत गेल्या. क्षमाने वडिलांकडे पाहिले. त्यांनी कागदावर बरोबरची एक खूण केली आणि एकही शब्द बोलले नाहीत.

सतरा ऑक्टोबरला हयवदन गाडीत एकटाच बसला. मुलगी मार्चात परीक्षेला बसली ती बसवनगुडीच्या शाळेतूनच, आणि परीक्षा संपल्यावर नरसिंहरावांनी आपला शेवटचा तक्ता पुरा केला. चौदा सप्टेंबर १९५९ ते एकतीस मार्च १९६०: कामाचे दिवस एकशे साठ, साडेपाचच्या आत घरी एकशे एकावन्न.